यजमानांनो, भाषणाची प्रत आधी मागू नका

प्रति,
मा. कुलगुरू, व्यवस्थापन परिषदेचे सन्माननीय सदस्य आणि वर्धापन दिन समारंभ समिती

स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या वर्धापन दिनाच्या स्नेहभोजनाला आपण ज्या कार्यकर्त्या ताईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावले आहे, त्यांच्या निमंत्रणाविषयी हे पत्र आहे. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. हे पत्र त्यांच्या वतीने नाही आणि त्यांनी ते लिहायला सांगितलेलेही नाही. मी याच विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केले. आता कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेचे कार्यालय सांभाळते. समितीचे पाकीट आमच्याच पत्त्यावर आले आणि मीच ते उघडले.

वाचून आनंद झाला, हे आधी सांगते. गटारात उतरणाऱ्या माणसांसाठी जिने उमेदीची सगळी वर्षे घातली, तिला विद्यापीठाने आपल्या मानाच्या दिवशी कुलगुरूंच्या शेजारी बसवायचे ठरवले, ही साधी गोष्ट नाही. समितीच्या बैठकीत कोणीतरी हे नाव सुचवले असेल, कोणाच्या तरी कपाळाला आठ्या पडल्या असतील आणि तरीही कोणीतरी ते लावून धरले असेल. ज्यांनी लावून धरले त्यांचे मी मनापासून आभार मानते.

पण निमंत्रणाला जोडलेल्या दुसऱ्या पानावर काही सूचना आहेत. भाषणाची टंकलिखित प्रत आठ दिवस आधी समितीकडे द्यावी. विषय प्रेरणादायी ठेवावा. विद्यापीठ प्रशासन आणि शासकीय धोरणे यांवर टिप्पणी टाळावी. भाषण पंधरा मिनिटांचे असेल आणि त्या वेळी वाढप चालू राहील. ताईंनी ते पान वाचले, घडी घालून डायरीत ठेवले आणि कामगार आयुक्तांकडच्या तारखेला निघून गेल्या. त्यांना असल्या सूचनांची सवय आहे. मला ती सवय व्हावी असे वाटत नाही, आणि माझ्या विद्यापीठाला तर मुळीच होऊ नये.

आपण यजमान आहात. वक्त्याने काय बोलावे यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. बोलावणाऱ्याने कसे वागावे यावर कोणी फारसे बोलत नाही. म्हणून दोन यजमानांची आठवण करून देते. दोन्ही प्रसंग आपल्याला ठाऊक असतील, पण त्यांच्याकडे यजमानाच्या बाजूने पाहा अशी विनंती आहे.

पहिला प्रसंग पुण्यातला, २ मार्च १८८८ चा. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट तेव्हा मुंबई इलाख्याच्या सैन्याचा प्रमुख होता. हरी रावजी चिपळूणकर या धनिक गृहस्थांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. गोरे अधिकारी, सरदार, शेठसावकार जमलेले, जो तो दागदागिन्यांनी मढलेला. जोतीराव फुले चिपळूणकरांचे स्नेही, त्यांनाही आमंत्रण होते. ते आले शेतकऱ्याच्या वेशात. डोक्याला जुने मुंडासे, खांद्यावर घोंगडी, पायांत फाटक्या वहाणा. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले आणि चिपळूणकरांनी स्वतः बाहेर येऊन त्यांना आत नेले, असे सांगतात. पुढे जोतीराव बोलायला उभे राहिले. समोरच्या राजपुत्राला त्यांनी सांगितले की इथे हिरेमोती घालून बसलेल्या माणसांवरून या देशाची पारख करू नका, हे तुमच्या रयतेचे प्रतिनिधी नव्हेत. खरी रयत खेड्यापाड्यांत अर्धपोटी, अर्धवस्त्र राहते आहे, तिच्या लेकरांना शिक्षण नाही, आणि हे तुमच्या मातोश्रींना जाऊन सांगा.

हा प्रसंग सांगताना आपण सगळे जोतीरावांच्या धैर्याविषयी बोलतो. ते बोलायलाच हवे. पण मला चिपळूणकरही तितकेच महत्त्वाचे वाटतात. घर त्यांचे होते, खर्च त्यांचा होता, पंगतीला राजघराण्यातला माणूस होता आणि बाकीचे पाहुणे ज्यांच्याशी रोज व्यवहार करायचा असे. जोतीराव काय बोलतील याचा त्यांना अंदाज नसेल, हे काही पटत नाही. सहाच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीरावांनी साफ लिहिले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. असा माणूस मेजवानीला बोलावला की तो काय बोलणार हे ठरलेलेच होते. चिपळूणकरांनी ते होऊ दिले. जोतीरावांना महात्मा ही पदवी मुंबईतल्या सभेत मिळाली ती त्याच वर्षी, ११ मे रोजी. पुण्याच्या त्या मेजवानीत त्यांचे तोंड कोणी धरले नव्हते, याचे श्रेय मी त्या यजमानाला देते.

दुसरा प्रसंग लाहोरचा, १९३६ चा. जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावले. मंडळ सुधारकांचे होते, हेतू चांगला होता, आणि बाबासाहेबांना बोलावण्यासाठी त्यांनी स्वकीयांचा रोषही ओढवून घेतला होता. पण भाषणाचा मजकूर हाती आल्यावर त्यांचे धैर्य गळाले. अमुक भाग वगळा, तमुक भाग सौम्य करा, हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असा उल्लेख नको, अशी बोलणी सुरू झाली. मंडळाचा माणूस मुंबईला येऊन भेटून गेला. पत्रापत्री झाली. बाबासाहेबांनी कळवले की मी एक स्वल्पविरामही बदलणार नाही. मंडळाने अधिवेशनच रद्द केले. मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले, पंधराशे प्रती, किंमत आठ आणे, आणि दोनेक महिन्यांत त्या संपल्या. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (जातिसंस्थेचे उच्चाटन) या नावाने आज जगभरच्या विद्यापीठांत जो मजकूर अभ्यासाला आहे, तो एका यजमानाने नाकारलेले भाषण आहे. आपल्याही अभ्यासक्रमात तो आहे. मी तो आपल्याच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसून वाचला.

मंडळाची माणसे वाईट नव्हती. त्यांना सुधारणा हवीच होती. फक्त ती आपल्या सभासदांना झेपेल एवढ्याच मापात हवी होती. आपल्या सूचनांचे पान वाचताना मला सारखी त्यांचीच आठवण येत राहिली. म्हणून पहिली विनंती ही की भाषणाची प्रत आधी मागू नका. ज्यांना बोलावले त्यांच्यावर विश्वास ठेवा. विश्वास नसेल तर तसे सांगून निमंत्रण मागे घ्या. तेही प्रत मागवून कात्री लावण्यापेक्षा सभ्यपणाचे होईल.

आता 'प्रशासनावर टिप्पणी टाळावी' या सूचनेविषयी. ताई ज्या विषयावर बोलतात तो विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरचा आहे, असे समितीला वाटत असावे. तसे नाही. आपल्या आवारात वसतिगृहे आहेत, भोजनगृहे आहेत, प्रयोगशाळा आहेत, कर्मचारी वसाहत आहे. या सगळ्यांचे सांडपाणी कुठेतरी जाते आणि पावसाळ्यात चेंबर तुंबतात. तुंबले की कोणीतरी झाकण उघडते. बांबूच्या खपचीने काम भागले नाही की कोणीतरी आत पाय टाकते. त्या 'कोणीतरी'ची हजेरी विद्यापीठाच्या कोणत्याही मस्टरवर नसते. ती कंत्राटदाराच्या मुकादमाच्या वहीत असते, आणि पुष्कळदा तिथेही नसते, कारण चोकअप काढायला आयत्या वेळी नाक्यावरून माणूस आणलेला असतो.

हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा आणि त्या कामगारांच्या पुनर्वसनाचा कायदा २०१३ चा आहे. त्यात गटारे आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई करून घेण्यावर बंदी आहे, आणि ती महापालिकांपुरती नाही. कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही संस्थेला लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक माणसाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम तीस लाख केली. हे आकडे ताईंना पाठ आहेत, कारण ही रक्कम मिळवून देण्यासाठी त्या जिल्हाधिकारी कार्यालयांचे जिने चढतात. मेलेल्या माणसाच्या बायकोला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की तुमचा नवरा तिथे कामालाच होता याचा पुरावा काय. वहीत नाव नसलेल्या माणसाचा पुरावा कुठून आणायचा?

विद्यापीठाच्या स्वच्छतेचे टेंडर निघते तेव्हा सर्वांत कमी दराच्या निविदेला काम जाते. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी (पीएफ), कामगार विमा (ईएसआय) हे सगळे धरून हिशोब मांडला तर ज्या दरात काम परवडणारच नाही, त्या दराची निविदा मंजूर होते. ती मंजूर करणाऱ्यांना बेरीज-वजाबाकी येते. आपल्याकडे अर्थशास्त्राचा आणि वाणिज्याचा विभाग आहे. मग तो फरक कुठून भरून निघतो? बाईच्या पगारातून. एका हाताने बँकेत जमा, दुसऱ्या हाताने मुकादमाला परत. कंत्राट संपले की नवा कंत्राटदार येतो, बाया त्याच राहतात, झाडूही तोच राहतो, सेवेची वर्षे मात्र पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आमच्या कार्यालयात येणाऱ्या कित्येक बायकांच्या नावावर पीएफचे दोन-दोन, तीन-तीन क्रमांक आहेत आणि एकातलेही पैसे त्यांना काढता येत नाहीत, कारण एकीकडे नाव 'शांताबाई' आहे आणि आधारकार्डावर 'शांता'. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेले आहे. या आवारात मुख्य मालक विद्यापीठ आहे. ताई यावर बोलल्या तर त्याला प्रशासनावर टिप्पणी म्हणायचे की नाही, ते आपण ठरवा. पण हे वगळून त्यांनी बोलायचे काय?

सामाजिक न्याय हा विद्यापीठाच्या आतलाच विषय आहे, याची आणखीही आठवण द्यायला हवी. हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ ला आत्महत्या केली. त्याने मागे ठेवलेल्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा हिशोब होता; ते पैसे घरच्यांना मिळावेत एवढे त्याने मागितले होते. मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने २२ मे २०१९ ला आत्महत्या केली. ती जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातली मुलगी. या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, त्याच वर्षी एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी नवीन कायद्याचीसुद्धा नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये केलेले समानतेचे नियम, म्हणजे प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी, तक्रारीची ठरलेली पद्धत, हे नीट अमलात आणा, एवढेच त्या म्हणत होत्या. आयोगाने केलेले नियम पाळले जावेत म्हणून मुले गमावलेल्या दोन बायकांना दिल्लीच्या कोर्टात उभे राहावे लागले.

आपल्याकडे काय स्थिती आहे ते मुलांना विचारा. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तो 'संस्था स्तरावर प्रलंबित' म्हणून महिनोन्‌महिने दिसत राहतो. संबंधित लिपिकाकडे गेले की पोर्टल बंद आहे, पोर्टल सुरू असले की लिपिक रजेवर. इकडे खानावळवाला थांबत नाही, खोलीमालक थांबत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा नाही म्हणून राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वाधार योजनेची वाट पाहणारी मुले पहिले सत्र नातेवाइकांच्या दारात काढतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी उपोषणाला बसावे लागले, ते याच राज्यात. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून आली नाही म्हणून गुणपत्रक अडवून ठेवण्याचे प्रकार आजही होतात. यातला प्रत्येक दोष विद्यापीठाचा नाही, हे मला कळते. पण अर्ज आपल्या लॉगिनला पडून असेल तर तो दोष कोणाचा, हेही आपल्याला कळते.

शासकीय धोरणांवर बोलू नये, या सूचनेचे मला मनापासून दुःख झाले. धोरणांवर बोलणाऱ्या माणसांमुळेच तर आज या राज्यातल्या विद्यापीठांच्या कमानींवरची नावे तशी आहेत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे मेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारले गेले, नांदेडमध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. दर १४ जानेवारीला त्या विद्यापीठाच्या दारापाशी लहान पोरांना कडेवर घेऊन जी माणसे येतात, ती कोणाच्या समारंभाच्या आमंत्रणाने येत नाहीत. विद्यापीठ कशाने मोठे होते हे त्यांना माहीत आहे.

एक प्रसंग सांगते, म्हणजे 'वाढप चालू राहील' या ओळीने मी का अस्वस्थ झाले ते कळेल. मी दुसऱ्या वर्षाला असताना असेच स्नेहभोजन झाले होते. कमवा आणि शिका योजनेतल्या आम्हा मुलामुलींना पाणी वाढायला आणि ताटे उचलायला लावले होते. वक्ते होते असंघटित कामगारांत हयात घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते. ते बोलायला उभे राहिले तेव्हा मी मंडपामागे, कनातीच्या पलीकडे होते. तिथे केटररच्या बाया पिंपात ताटे विसळत होत्या. वक्ते घरकाम करणाऱ्या बायकांच्या रजेविषयी, आजारपणाविषयी बोलत होते. भांड्यांच्या आवाजातून अर्धे वाक्य ऐकू येई, अर्धे विरून जाई. माझ्या शेजारची बाई हातातले ताट तसेच धरून कनातीच्या फटीशी जाऊन उभी राहिली. तिच्या कोपरावरून खरकटे पाणी गळत होते. ती ऐकत होती, अगदी मन लावून, कारण बोलणे तिच्याबद्दलच चालले होते. सुपरवायझर आला आणि म्हणाला, "मावशी, हात चालू ठेवा." ती परत पिंपापाशी गेली. बाहेर टाळ्या झाल्या. आम्ही जेवलो ते सगळे आवरल्यावर, साडेअकराच्या सुमारास, स्टोअरमध्ये उभ्या उभ्या. दुसऱ्या दिवशी विभागात सगळे म्हणत होते की भाषण फार सुंदर झाले. झाले असेल. ज्यांच्याबद्दल ते होते त्यांनी ते अर्धेच ऐकले.

यंदा तसे होऊ देऊ नका. भाषण जेवणाच्या आधी ठेवा, वाढप थांबवा, आणि त्या वेळी कनातीमागची, फाटकावरची, वसतिगृहाच्या जिन्यांवरची सगळी माणसे आत येऊन खुर्चीवर बसतील अशी व्यवस्था करा. मग सगळ्यांनी एका वेळी जेवावे. वाढण्याचा प्रश्न असेल तर प्राध्यापक आणि अधिकारी आळीपाळीने वाढतील. आपल्याकडच्या भंडाऱ्यात गावचा पाटीलही पंगतीत वाढायला उभा राहतो. एका रात्रीच्या पंगतीने जात मोडत नाही, हे लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगून ठेवले आहे. सहभोजने करून पाहिली, त्यांनी भागले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि तो त्यांच्या अनुभवातून आलेला होता. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले तेव्हा तिथल्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्या सामाईक पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर आक्षेप घेतला होता. परदेशात शिकून आलेला प्राध्यापक, आणि पाण्याचे भांडे. तेव्हा मी पंगत मागते आहे ती जात जाईल म्हणून नव्हे. ज्यांच्याविषयी बोलणे आहे त्यांना ते पुरते ऐकू यावे आणि मग सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवता यावे, म्हणून मागते आहे.

आपल्या अडचणी मला कळतात. कार्यक्रमाला मंत्री येतील, अनुदानाची फाईल त्यांच्याकडे आहे. देणगी देणारे माजी विद्यार्थी येतील, त्यांच्या नावाचे सभागृह व्हायचे आहे. आनंदाच्या दिवशी कटू बोलणे नको, असेही कोणाला वाटत असेल. पण मंत्र्यांनी आणि देणगीदारांनी हे ऐकायला नको तर कोणी ऐकायचे? आमच्या कार्यालयात बसून ताई आम्हाला हे रोज सांगतात आणि आम्ही माना डोलावतो. आमच्याकडे ना अनुदान आहे ना सही. आपल्या त्या हॉलमध्ये त्या एका संध्याकाळी सही करू शकणारी सगळी माणसे एकत्र बसलेली असतील. अशी संधी ताईंना मोर्चा काढूनही मिळत नाही. मोर्चाच्या वेळी शिष्टमंडळाला आत घेतात, निवेदन स्वीकारतात, चहा देतात.

चळवळीतल्या काही मित्रांचे म्हणणे वेगळे आहे, तेही आपल्याला कळू द्या. ताईंनी जाऊच नये असे ते म्हणतात. शाल, श्रीफळ, मानचिन्ह घेतले, फोटो निघाला की विद्यापीठाला पुढच्या मूल्यांकनाच्या अहवालात टाकायला एक ओळ मिळते आणि चळवळीच्या हाती काही लागत नाही, असे त्यांचे मत. त्यांचा राग खोटा नाही, त्यांनी असे सत्कार पाहिलेले आहेत. पण मला ते पटत नाही. जोतीराव गेले होते. घोंगडी पांघरून गेले, आणि बोलायचे ते बोलून आले. ताईंनीही जावे, असे मी त्यांना सांगितले आहे. आमच्या कार्यालयात यावरून दोन संध्याकाळी चांगलाच वाद झाला. अखेर ताई म्हणाल्या, "बोलावलंय तर जाऊ, पण बोलू आपलंच." त्यामुळे आता प्रश्न ताईंचा उरलेला नाही. तो आपला आहे.

भाषणानंतर काय, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या समारंभांत वक्त्याचे भाषण झाले की आभारप्रदर्शन होते आणि राष्ट्रगीत होते. कोणी उत्तर देत नाही. ताईंच्या भाषणानंतर कुलसचिवांनी आणि वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी उठून उत्तर द्यावे, अशी माझी मागणी आहे. लांबलचक नको. स्वच्छतेच्या पुढच्या टेंडरमध्ये किमान वेतनापेक्षा कमी दराची निविदा आपोआप बाद ठरेल का? कंत्राट बदलले तरी जुन्याच कामगारांना आधीच्या सेवेसह ठेवण्याची अट घालणार का? आवारातले चेंबर यंत्रानेच साफ होतील आणि माणूस आत उतरणार नाही, असे परिपत्रक निघेल का, आणि ते वसतिगृहांच्या अधीक्षकांपर्यंत पोहोचेल का? शिष्यवृत्तीचे किती अर्ज आज आपल्या लॉगिनला पडून आहेत, हा आकडा दर महिन्याला फलकावर लावणार का? समान संधी कक्षाचे दार कुठल्या इमारतीत आहे आणि ते कोण उघडते? यातल्या ज्या गोष्टीला 'हो' म्हणता येईल तिला त्याच व्यासपीठावरून 'हो' म्हणा. जिला म्हणता येत नाही तिचे कारण सांगा. अधिसभेच्या अर्थसंकल्पी बैठकीत ज्यासाठी तरतूद लागेल ती मांडू असे सांगितले तरी चालेल, मात्र मग ती मांडा.

ताईंचा होकार आमच्याकडून गेलेला आहे. भाषण त्या कधीच लिहून काढत नाहीत, वहीच्या मागच्या पानावर चार नावे लिहून नेतात. ती नावे गटारात गेलेल्या माणसांची असतात, आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती त्या कोणाला आधी देत नाहीत. तेव्हा आठ दिवस आधी प्रत मिळणार नाही, हे गृहीत धरून कार्यक्रमपत्रिका करावी. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी भाषणाची बदललेली वेळ आणि उत्तर कोण देणार त्यांची नावे आमच्या कार्यालयाला लेखी कळवावीत. सोबत आपल्या आवारात काम करणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांना द्यायच्या निमंत्रणपत्रिका पाठवाव्यात, प्रत्येकीच्या नावाने. पत्ते मुकादमाकडे नसतील, आमच्याकडे आहेत; मी स्वतः घरोघर नेऊन देईन.

कळावे,
आपली माजी विद्यार्थिनी